झेंडूतून गलांड्यात

ही गोष्ट नवऱ्याला ठाऊक नाही, सख्ख्या बहिणीला ठाऊक नाही. देवासमोर बसले तरी हिच्यावरून मी हळूच पुढं सरकते — म्हणजे बघा! तुम्हालाच का सांगतेय, तर तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसाला सांगायची हिंमत असती तर इतकी वर्षं गिळून बसले असते का?

आधी फुलांचं सांगावं लागेल. नाही तर मी काय केलं ते तुम्हाला कळायचंच नाही. वाटेल की पदरच तो, त्यात काय एवढं.

मी एका बियाणं कंपनीत नोकरीला होते. चितेगावच्या अलीकडं, पैठण रोडला लागून कंपनीची जमीन होती, तिथं फुलांची चाचणीबाग. झेंडू, झिनिया, गलांडा, कोंबडा — एका हंगामात उगवायचं, फुलायचं अन् मरायचं, अशी ही झाडं. त्यांच्या निरनिराळ्या वाणांचे वाफे शेजारीशेजारी लावायचे अन् बघायचं, उन्हाळ्यात कोण टिकतंय, कोण माना टाकतंय, कुणाला कीड लागतेय. ऐकायला किती गोड, नाही? लोक म्हणायचे, मंगलबाई, तुमची मजा आहे, दिवसभर फुलांत! अहो, कसली फुलं अन् कसली मजा. औरंगाबादचा मे महिना — तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं — डोक्यावर आग, पायाखाली भेगाळलेली काळी माती, अन् साहेब म्हणतात पेट्युनिया लावा! थंड मुलखातलं ते फूल, इथं नाश्त्याच्या वेळेलाच त्याचा पापड होतो. म्हणे, "दोन वेळा पाणी द्या." द्या की! विहिरीला पाणी काय तुमच्या घरनं येतं? जास्त दिलं तर मूळ सडतं, कमी दिलं तर पान करपतं, अन् या दोन्हीतून वाचलं तर कोळी आहेच बसलेला.

हा कोळी म्हणजे भिंतीवरचा नव्हे. लाल, सुईच्या टोकाएवढा. पानाच्या पाठीमागं बसून रस पितो. आधी पानावर पांढुरके ठिपके येतात, मग पान पिवळं पडतं, मग अख्ख्या झाडावर बारीक जाळी धरते. जितकं ऊन, जितका कोरडेपणा, तितका तो खूश. झेंडूचे वाफे माझ्याकडं होते अन् त्या वर्षी झेंडूवर हा मेला असा चढला की विचारू नका. अन् चाचणीत औषध मारायची मनाई! झाड स्वतःच्या अंगच्या बळावर तगतं का, तेच तर बघायचं असतं. म्हणजे आपण काय करायचं? बघायचं, चरफडायचं अन् संध्याकाळी घरी जायचं.

एक नेम मात्र लई कडक होता. फेरी मारताना आधी निरोगी वाफे, शेवटी किडके. उलटं कधीच नाही. कारण हा कोळी कपड्याला चिकटून चालत्या माणसाबरोबर प्रवास करतो. किडक्या वाफ्यातून आलात की पदर झटकायचा, हातपाय धुवायचे, अन् जमलं तर त्या दिवशी चांगल्या वाफ्याकडं फिरकायचंच नाही. सोवळ्या-ओवळ्यासारखंच ते. आम्ही त्याला हसायचो, पण पाळायचो.

आता नसीम.

नसीम माझ्यापेक्षा बरीच लहान. कृषीची पदवी घेऊन आलेली, तात्पुरत्या ऑर्डरवर लागलेली. शहागंजात तिच्या वडिलांचं फुलांचं दुकान होतं — हार, गजरे, लग्नाचे सेहरे. लग्नसराई ऐन उन्हाळ्यात, अन् फुलांची बोंबही तेव्हाच. म्हणून तिच्या अब्बांनी वर्षानुवर्षं एक केलेलं — गलांड्याचं जे झाड उन्हात ताठ उभं राहील, त्याचंच बी धरायचं. बाकीच्यांचं टाकून द्यायचं. ते बी नसीमनं बागेत आणलं. साहेबांनी नाक मुरडलं, पण चाचणीला घेतलं. अन् सगळ्यांसमोर सांगितलं की हा वाण पास झाला तर कंपनी बाजारात आणेल अन् नसीमला कायम करेल. अब्बांचे गुडघे गेले होते, दुकान बंद पडायच्या घाईला आलेलं. घर तिच्यावरच येणार होतं, हे मला माहीत होतं. मला सगळं माहीत होतं.

अन् तो गलांडा — खरं सांगते — मे महिन्यात उभा! लालपिवळी फुलं, पान हिरवंगार, एक ठिपका नाही. बाजूला माझा झेंडू जाळीत गुंडाळलेला, अन् हा असा. मला आनंद व्हायला नको होता का?

पण नसीमची एक सवय होती. मी तिच्या वाफ्याकडं निघाले की बांधावरनंच ओरडायची, "ताई, झेंडूतनं आलात ना? जरा पदर झटका हां!" रोज. खुरपणाऱ्या बायकांसमोर. अगं, तुला भिंगातून कोळी पहिल्यांदा दाखवला कुणी? मीच ना? अन् मलाच शिकवतेस? बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. वाईट हे की ती बरोबर होती. बरोबर असणाऱ्या माणसाचा राग किती येतो — तुम्हाला आलाय कधी?

एके दिवशी पुण्याचे पाहुणे आले, मोठ्या ऑफिसातले. सकाळी मी झेंडूत होते. पाहुणे गलांड्याकडं वळले तशी मीही निघाले, हातात त्यांच्यासाठी पाण्याचा थर्मास. अन् ही बया वाटेत आडवा हात करून उभी. "ताई, तुम्ही बांधावरच थांबा ना. सकाळी झेंडूत होतात."

साहेब हसले. म्हणाले, "मंगलबाई आज ओवळ्यात!"

सगळे हसले. पाहुणेसुद्धा. मी त्या उन्हात थर्मास धरून बांधावर उभी. ते सगळे गलांड्यात उभे राहून फोटो काढताहेत, मध्ये नसीम. इतक्या वर्षांची माझी नोकरी, अन् मी बांधावर.

आता ते सांगते. सांगते हो — जरा थांबा.

पाहुणे जेवायला गेले. मजूर बायका लिंबाखाली भाकरीची फडकी सोडून बसल्या. माझं डोकं दुखत होतं म्हणून मी मागं राहिले — नाही. डोकं दुखत नव्हतं. बघा, इथंसुद्धा थाप सुटतेच माझ्या तोंडून! मी मागं राहिले, कारण मला मागं राहायचं होतं.

मी झेंडूत गेले. सगळ्यात दाट जाळी धरलेल्या ओळीत. पदर खाली सोडला अन् झाडांच्या शेंड्यांवरून ओढत नेला. एकदा नाही, जाताना अन् येताना. मग तोच पदर घेऊन बांध ओलांडला अन् गलांड्याच्या दुसऱ्या ओळीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. सावकाश. पानांना लागेल असा पदर धरून. रागाच्या भरात केलं म्हणावं तर राग केव्हाच उतरला होता. मी शांतपणे चालत होते. मला वाटतं, मी गुणगुणत होते.

मग हात धुतले अन् जेवायला बसले. नसीम शेजारी येऊन बसली. तिच्या डब्यात खिचडी अन् खट्टा होता — चिंचेचं आंबट सार. खट्ट्याची वाटी माझ्याकडं सरकवून म्हणाली, "ताई, पाहुण्यांसमोर बोलले मी. मनावर घेऊ नका. गडबडीत निघून गेलं तोंडातनं."

मी म्हणलं, "छे गं, त्यात काय." अन् खट्टा खाल्ला. सगळी वाटी संपवली.

नंतर जे व्हायचं ते झालं. मेच्या उन्हात त्याला वेळ लागतो थोडाच? आधी दुसऱ्या ओळीत ठिपके, मग तिसऱ्या, मग सगळीकडं. नसीम भिंग घेऊन दिवसदिवस वाफ्यात उकिडवी बसायची. औषध मारता येत नव्हतं, तोच तर कायदा होता. एकदा मला म्हणाली, "ताई, नुसतं पाणी मारू का पानांच्या मागनं? तेवढंच धुऊन जाईल." मी काय म्हणलं माहितीय? म्हणलं, "नियम म्हणजे नियम, नसीम."

कोळी वाऱ्यानंही येतो. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल! वाऱ्यानं आला असेल, मजुरांच्या कपड्यानं आला असेल, शेजारच्या रानातून आला असेल. अहो पण वारा काय दुसरी ओळ निवडून आला? मूर्ख बाई! कुणाला फसवत होते मी? वाफ्यात दुसरं कुणी ऐकायलाही नव्हतं.

निकालाच्या दिवशी साहेबांनी ऑफिसच्या व्हरांड्यात सगळ्यांना बोलावलं. गलांडा नापास. लिहिलं काय, तर उन्हाळ्यात कीड धरतो. जो वाण उन्हाळ्यात ताठ उभा होता, त्याच्या नावावर हे. मग साहेबांनी विचारलं, "इतके दिवस स्वच्छ होता. अचानक आला कुठून हा कोळी?"

 मी खाली बघत होते. वाटलं, आता विचारतील — त्या दुपारी मागं कोण होतं?  तेवढ्यात नसीम उठली.

"सर, माझीच गलती झाली. पाहुणे आले त्या दिवशी सकाळी एका साहेबांची टोपी उडून झेंडूत गेली होती. मी पळत जाऊन आणली. अन् गडबडीत ओढणी न झटकताच इकडं आले असेन. मला नीट आठवत नाही, पण तसंच झालं असेल. झेंडूतनं दुसरं कुणी आलंच नाही माझ्या वाफ्यात."

बोलताना ती एकदाही अडली नाही. अब्बांनी धरलेल्या बियांवर, स्वतःच्या नोकरीवर तिनं स्वतःच्या तोंडानं पाणी सोडलं, अन् तेही केलेल्या चुकीसाठी नव्हे — होऊ शकली असती अशा चुकीसाठी! कुणी सांगितलं होतं तिला एवढं खरं वागायला?

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं. जिभेवर होतंसुद्धा. पण तोंडातून निघालं ते दुसरंच. मी म्हणलं, "दुसऱ्याला शिकवणं सोपं असतं गं."

सगळ्यांनी ऐकलं. खुरपणाऱ्या बायकासुद्धा या वेळी हसल्या नाहीत. नसीमनं माझ्याकडं बघितलं अन् मान डोलावली. पटलं होतं तिला!

किडके वाफे उपटून जाळायची रीत होती. गलांडा उपटला, जाळला. तिची ऑर्डर संपली, नवी निघाली नाही. मी मात्र निवृत्त होईपर्यंत तिथंच होते, नीट पगार घेत. निरोपाच्या समारंभात साहेब म्हणाले, मंगलबाईंची शिस्त बघा. बघा म्हणे! मी हार घालून घेतला.

मुलानं बजाजनगरला घर घेतलं तेव्हा कुंड्यांसाठी रोपं आणायला म्हणून एका रोपवाटिकेत गेले. तिथं नसीम. केस पांढरे, चष्मा, पण तीच. "ताई!" म्हणून धावत आली. बसवलं, चहा मागवला, मुलाबाळांची चौकशी केली. रोपवाटिका तिचीच होती. म्हणलं, चला, बरं झालं, काही वाईट झालं नाही हिचं. किती लवकर सुटलो आपण, असं वाटलं मला — खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. "गलांडा आहे का? उन्हाळ्यात टिकतो म्हणतात."

"आम्ही नाही ठेवत," नसीम म्हणाली. "सदाफुली घेऊन जा."

गप्प बसायचं होतं ना मी? पण नाही. विचारलंच. "का गं? अब्बांचं बी होतं ना तुझ्या घरी?"

तिनं गिऱ्हाइकाला सदाफुलीचं रोप देऊन वाटेला लावलं. मग म्हणाली, "होतं, ताई. डबाभर होतं. अब्बा शेवटपर्यंत मागं लागले होते, लाव म्हणून. मी नाही लावलं. एकदा माझ्या हातानं मारलं, परत कोणत्या तोंडानं लावायचं? ते गेल्यावर एकदा डबा उघडला, थोडं पेरून बघितलं. एकही दाणा उगवला नाही. लई जुनं झालं होतं." मग डोळे पुसून हसली. "ते मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत, ताई. पण मला माहितीय, त्यांच्या मनात होतं की पोरीनं घालवलं."

तिचे अब्बा हे मनात घेऊन गेले. नसीम हेच मनात घेऊन तिथं बसली होती, माझ्यासमोर, हातभर अंतरावर. गिऱ्हाईक गेलं होतं. आम्ही दोघीच होतो. ते एक वाक्य तेव्हाही होतं.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला अन् म्हणलं, "जाऊ दे गं. माणसाच्या हातनं होतं असं."

तिनं माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "तुम्ही म्हणलात, बरं वाटलं, ताई," म्हणाली.

तिला माफ करून आले मी. मी!