डाव्या हाताची रांग

मोहुर्ले सर गेल्याचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात निर्जंतुक हवेच्या पेटीत होते. भाताच्या कोवळ्या कोंबांच्या नळ्या बदलत होतो. फोन स्पीकरवर होता. त्यांचा मुलगा म्हणाला, "भाऊ, बाबा गेले." मी नळीचं तोंड ज्योतीवरून फिरवलं, झाकण लावलं, मग म्हणालो, "येतो." मनात पहिला शब्द आला तो मात्र वेगळाच. निसटले... ज्या माणसाला तोंडावर एक गोष्ट सुनावायची म्हणून मी वर्षानुवर्षं धीर गोळा करत होतो, तो न ऐकताच निघून गेला. गेल्या काही आठवड्यांत त्यांच्यावर पुष्कळ लिहून आलं, सगळं गोड. या पुरवणीनेही माझ्याकडे लेख मागितला, कारण मी त्यांचा सर्वांत जवळचा विद्यार्थी. मेल्यावर माणूस चांगला होतो, असं आपल्याकडे धरून चालतात. मी धरून चालणार नाही.

शिकवायचे मात्र असे की तसा माणूस पुन्हा पाहिला नाही. चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात संशोधकांसाठी जनुक संपादनाचं प्रशिक्षण त्यांनीच सुरू केलं. पुस्तकातलं सगळं येणारे आणि हातात पिपेट दिली की घाम फुटणारे लोक यायचे. मीही त्यांतलाच. "काऊन थरथरून राह्यला बे? साप पकडला का?" म्हणत त्यांनी माझं मनगट धरलं आणि थेंब पडेपर्यंत सोडलं नाही. काम काय, ते साधं करून सांगतो. भाताच्या दाण्यापासून पेशींचा गोळा वाढवायचा. त्यात जनुक कापणारं विकर सोडायचं आणि कुठे कापायचं ते दाखवणारा एक छोटा वाटाड्या रेणू. सरावाला नेम धरायचा तो रोपाचा हिरवेपणा राखणाऱ्या जनुकावर. नेम लागला की कोंब पांढरा फुटतो. आणि शेजारी काही नळ्या अशा ठेवायच्या, ज्यांत वाटाड्या घातलेलाच नाही. त्या कंट्रोलच्या. त्या हिरव्या राहिल्या तरच पांढऱ्यांना अर्थ. सरांनी नळ्यांसाठी सुताराकडून सागवानी स्टँड करून घेतला होता. "पयले डाव्या हाताले कंट्रोल, मंग बाकीचा तमाशा," असं ते प्रत्येक तुकडीला बजावायचे. हे वाक्य त्यांचं होतं, एवढं लक्षात ठेवा...

गोळ्याला कोंब फुटायला आठवडे लागतात आणि प्रशिक्षण असतं मोजक्या दिवसांचं. म्हणून शेवटच्या दिवशी दाखवायची रोपं आधीच वाढवून ठेवतात. ती वाढवायची सुनंदा कुमरे, कुरखेड्याकडची, सरांकडेच पीएच.डी. करणारी. भाताच्या रोवणीला घरी जायची सुट्टी मागितली की सर चिडवायचे, "चालली आमची शास्त्रज्ञ चिखल तुडवाले." ती म्हणायची, "त्या चिखलातलंच खाता ना सर?" आणि सर खो खो हसायचे.

मी सरांच्या हाताखाली काम करत होतो, तेव्हा एका वर्षी शेवटच्या दिवशी मोठे पाहुणे यायचे होते. आदल्या दुपारी सुनंदा सांगत आली, "सर, कंट्रोलमधी पन पांढरे निघाले. गोळे जुने झाले वाटते. आपलं कापलं गेलं का नाई, काई सांगता येत नाई." जुन्या गोळ्यांतून पांढरे कोंब आपोआपही फुटतात, हे सरांना ठाऊक होतं, मलाही होतं. सर खुर्चीतून उठले नाहीत. मला म्हणाले, "प्रमोद, डावी रांग काढून टाक." सुनंदा म्हणाली, "कंट्रोल फेकलं तं खरं काय ते कोनाले विचारान, सर?" मी नळ्या उचलल्या, ऑटोक्लेव्हमध्ये घातल्या, झाकण आवळलं. वाफेत हिरवं-पांढरं सगळं शिजून एक झालं. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या कोंबांचे फोटो निघाले, टाळ्या पडल्या.

एका प्रशिक्षणार्थीने मात्र काही रोपं सोबत नेली, आपल्या प्रयोगशाळेत तपासली आणि जनुक कुठेच कापलेलं नाही असं कॉलेजला कळवलं. चौकशी बसली. सर म्हणाले, सुनंदाने कंट्रोल ठेवलाच नव्हता. मला विचारलं. मी म्हणालो, "सर म्हणतात तसंच." एवढे तीनच शब्द. माझी नेमणूक तेव्हा सरांच्या शब्दावर अडली होती... सुनंदाचं संशोधन तिथेच संपलं. जाताना दारात थांबून मला म्हणाली, "हात लय चांगले हायेत तुमचे, प्रमोदभाऊ. जे सांगन ते करतेत."

निवृत्तीनंतर सर ऊर्जानगरला मुलाच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले. गेल्या उन्हाळ्यात मी सगळं बोलायचं ठरवून गेलो. त्यांनी जेवायला बसवलं. त्यांचे हात आता थरथरत होते, लोणच्याची बरणी उघडेना. माझ्याकडे सरकवली, मी उघडून दिली. "तुह्या हाताले वळण मीच लावलं," ते हसून म्हणाले. मी विचारलं, "सर, सुनंदा आठवते?" चमचा बरणीत घालत म्हणाले, "कोन... कुमरे? हुशार होती. पन जिद्दी." आणि एक फोड माझ्या ताटात वाढली. मी ती खाल्ली. खाऊन परत आलो.

तेरवीला मी ऊर्जानगरला गेलो नाही. घुग्घुसला गेलो. सुनंदा तिथे सिमेंटच्या कारखान्यात नमुने तपासते. शिफ्ट सुटल्यावर मोटरसायकल ढकलत बाहेर आली, भुवयांवर धूळ. मी माफीचं बोलायला लागलो तर म्हणाली, "ते ठेवा तुमच्यापाशी. माफीनं माझं काय होते?"

"मग काय करू?"

"जिथी सरांचं नाव घ्यान, तिथी माझं पन घ्या. पुऱ्या लोकाइसमोर. काय केलं ते सांगून." तिने किक मारली. "आन लवकर करा. तुमी पन म्हातारे होऊन राह्यले."

माझी साक्ष खोटी होती, असं मी कॉलेजला लेखी दिलं आहे. नोकरीचं व्हायचं ते होईल. प्रशिक्षणाच्या खोलीला सरांचं नाव देण्याचं आधीच ठरलं होतं. फोटो भिंतीवर लागला, पाटी कोरून आली. आता काही जण कुजबुजतात, पाटी नका लावू. मी म्हणतो, लावाच. मला त्यांचं नाव पुसायचं नाही. ते दारावर ठळक हवं, म्हणजे आत येणारी प्रत्येक तुकडी विचारेल, हे कोण? मग मी सांगेन, मी नसलो तर माझ्यानंतरचा सांगेल, आणि त्यात सुनंदा कुमरे हे नाव येईलच. याला कोणी न्याय म्हणेल. मी सूडच म्हणतो. त्यात मीही सुटत नाही, ते बरंच आहे.

नवी तुकडी सोमवारी येते आहे. सुनंदाला बोलावलं, तर म्हणाली, "शिफ्ट नसन तं पाहू." आज सागवानी स्टँड पुसून टेबलावर ठेवला. नळ्या बदलताना झाकण उघडण्याआधी माझं बोट काचेवर दोनदा वाजलं, सरांचं वाजायचं तसंच. ती सवय काही जात नाही. डाव्या हाताची रांग भरली आहे. या वेळीही वाटाड्या न घातलेल्या दोन-तीन नळ्यांत कोंब पांढरे फुटलेत. त्या मी मागे लपवल्या नाहीत. सगळ्यांत पुढे लावल्या, फोटोतल्या सरांना समोर दिसतील अशा.