खरखर कुठं लागते

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही मला खरखर म्हणजे काय ते विचारलंत आणि मी तोंड उघडायच्या आत मोबाईलला विचारून मोकळे झालात. त्याने सांगितलं, कर्कश आवाज. कर्कश तर तुमचे आजोबाही घोरतात. तुम्हाला ते उत्तर पटलं, म्हणून आजच लिहायला बसले.

खरखर म्हणजे अडून, घासून येणारा कोरडा आवाज. रेडिओचं स्टेशन नीट लागलं नाही की खरखर, घसा बसला की खरखर. खोकल्याची ढास छातीतून येते. खरखर वर, वाटेतच असते. भोरच्या कॉलेजात आयुष्यभर इंग्रजी शिकवून मला एवढंही ठाऊक नव्हतं.

भोरजवळच्या उत्रोलीच्या एक वहिनी आमच्याकडे दूध घालतात. घरात एकच म्हैस, त्यांचं सगळं तिच्यावर. दोन वर्षांपूर्वी आंब्याच्या दिवसांत त्या सकाळी रिकामी किटली घेऊन आल्या.

"बाई, म्हशीला खरखर लागलीया. लाळ गळतीया, पाणीबी खाली उतरंना. डाक्टरला फोन लावा, तुमचं ऐकंल त्यो."

माझं ऐकेल, कारण मी इंग्रजीत बोलेन. बोलले. खरखर आणि लाळ दोन्ही गाळून मी फक्त 'कफ', म्हणजे खोकला, एवढंच सांगितलं, व्याकरण मात्र अगदी शुद्ध.

मी वहिनींबरोबर गोठ्यावर गेले. मागोमाग डॉक्टर आला. इस्त्रीची पँट, पांढरे बूट. शेणात पाय नको म्हणून दारातूनच म्हशीकडे बघितलं. "मॅडम, तुम्ही म्हणालात तेच. साधा खोकला," असं म्हणून त्याने बाटली काढली. औषध तोंडात ओतायचं होतं.

वहिनी आडव्या आल्या. "नरड्यात कायतरी अडकलंय आन् वरनं वतू व्हय? बुडवून मारायची का तिला?"

"मग तुम्हीच करा डॉक्टरकी."

"करते की. तुमी बुटं संबाळा."

त्यांनी म्हशीच्या गळ्याला कान लावला. मग जबड्यापासून खाली बोटं चेपत नेली. सासूने असंच शिकवलं होतं, आधी ऐकायचं, मग हात लावायचा. एका जागी बोटं थांबली. तिथली गाठ त्या बाहेरून वर सारत राहिल्या. मला म्हशीच्या जबड्यात दांडकं आडवं धरायला लावलं, कोपरापर्यंत हात आत घातला आणि बाहेर काढली आंब्याची कोय.

कोय माझ्या घरची होती. साली आणि कोयी मीच रोज घमेलं भरून देत होते, आणि त्यांच्यावर उपकार केल्यासारखी मिरवत होते. वहिनींनी ती धुऊन माझ्या हातात ठेवली.

"साली देत जावा, बाई. कोया ऱ्हाऊ द्या तुमालाच."

दारातून डॉक्टर म्हणाला, "तरी खोकला असणारच." माणसाला लाज नसली की शिक्षण किती उपयोगी पडतं, ते मी तिथं पाहिलं. मी त्याच्याहून शहाणी नव्हते. फरक एवढाच, माझ्या पायात चपला होत्या.

ती म्हैस आजही आहे, दूधही देते. वहिनींची सूनसुद्धा आता गुराच्या गळ्याला आधी कान लावते, आणि त्या गोठ्यात खरखरीला अजून खरखरच म्हणतात.