बारा घरांचं गाव

आमच्या घरात केरसुणी कधी पूर्ण आयुष्य जगली नाही. ती झिजून मऊ पडली रे पडली, की माझे सासरे तिला पळवायचे. लग्न होऊन मी इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या त्या घरी आले, त्याच्या तिसऱ्याच दिवशी केर काढायला गेले तर केरसुणीची नुसती मूठ हाती आली. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "रिसालदारांना विचार. लक्ष्मीचे केस उपटायची सवय आहे त्यांना."

सगळी गल्ली मामंजींना रिसालदारच म्हणायची. होळकर संस्थानच्या घोडदळात त्यांचा जन्म गेला. संस्थान विलीन झालं, मध्यभारत राज्य झालं, घोडे गेले आणि मामंजी घरी आले. पण लढाई काही त्यांनी सोडली नाही. बैठकीतल्या तख्तावर गोधड्यांच्या घड्या घालून ते टेकड्या करत, त्यांवर सासूबाईंचं जुनं हिरवं लुगडं पसरत, की झाला माळवा. सियागंजाच्या बाजारातून शिसं आणून स्वतः ओतलेले बोटाएवढे शिपाई आणि घोडेस्वार त्यावर मांडले जात, फासे टाकून चाली ठरत. या मुलखाच्या मधोमध होतं बारा झोपड्यांचं एक गाव. केरसुण्या खर्ची पडायच्या त्या या गावापायी.

गाव बांधताना ते कुणाचं ऐकत नसत. काड्यापेट्यांचा आणि लग्नपत्रिकांचा पुठ्ठा भिंतींना, त्यावर काळी माती, राख आणि कणकेची खळ यांचा गिलावा. उकळलेल्या चहापत्तीचं पाणी फिरवलं की भिंतींवर चार पावसाळ्यांचे डाग पडायचे. छपराला मात्र जुनीच केरसुणी लागे. "नवी झाडू कडक असते, सूनबाई. ती गवतासारखी झुकत नाही. पकलेली पाहिजे, बिलकुल आपल्यासारखी." सराफ्यातल्या एका सोनाराकडून मिळवलेल्या चिमट्यानं ते एकेक जुडी लावत, पहिला थर वळचणीला आणि मग वर वर. एकदा मी मदत म्हणून वरून सुरुवात केली, तर माझ्या हातातलं छप्पर काढून घेत म्हणाले, "असं केलं तर पाणी सीधं घरात. आत माणसं राहतात." आत माणसं सोडा, मुंगीसुद्धा मावली नसती. पण मी निमूट पुन्हा खालून सुरुवात केली, आणि दोन वर्षांत त्यांच्याइतकं घट्ट छप्पर घालायला लागले.

त्यांचा शत्रू दर उन्हाळ्यात ग्वाल्हेरहून यायचा. मध्यभारताची राजधानी सहा महिने ग्वाल्हेरला आणि सहा महिने इंदूरला असे. कपाटं, फायली, कारकून यांचं सगळं बिऱ्हाड उन्हाळ्यात इकडे येई आणि त्यात मोघे नावाचे एक हेडक्लार्क असत. शिंद्यांच्या गावचा माणूस होळकरांच्या गावात आला आणि समोर रिसालदार भेटले, मग आणखी काय हवं? दर रविवारी सकाळी दोघं तख्तावर भिडायचे. "सुभानल्ला रिसालदारजी, तुमचे घोडे आहेत का बकऱ्या?" मोघे विचारायचे. "भिया, पहिले आपला किल्ला संभाळा," मामंजी म्हणायचे. मोसमातला शेवटचा डाव जो जिंकेल, गाव त्याचं. मोघे जिंकले तर पत्र्याच्या ट्रंकेत बसून गाव ग्वाल्हेरला जाई आणि चैत्रात शाकारून परत येई. मोघ्यांचं शाकारणं म्हणजे न्हाव्यानं घाईत उरकलेली हजामत. मामंजी ते सगळं उसवून पुन्हा घालत आणि दोन दिवस मोघ्यांना नावं ठेवत.

डावाचे नियम मामंजींनीच एका वहीत लिहिले होते. त्यातला एक मला फार आवडायचा. घोडदळाला चारा लागतो, चारा संपला की ते जागच्या जागी थांबतं. पण गावातल्या घराचं छप्पर उतरवून घोड्यांना घातलं, तर एक चाल जास्त मिळते. म्हणून तर बाराही छपरं सुटी उचलता यायची. मोघे ती सर्रास उचलत. मामंजींनी मात्र एकदाही उचललं नाही. मला वाटायचं, मेहनतीचं छप्पर मोडवत नसेल.

मग बातमी आली की मध्यभारतच संपणार, नवं मोठं राज्य होणार आणि राजधानी भोपाळला जाणार. मोघ्यांना तिकडची बदली लागली. म्हणजे हा शेवटचा डाव आणि या वेळी गाव जाईल ते कायमचं. मामंजी वरवर हसत होते, पण त्या आठवड्यात त्यांनी बाराही घरं पुन्हा शाकारली. बारीक जुड्या मी लावल्या. "जाऊ देणार नाही याला," एवढंच म्हणाले.

दसऱ्याच्या आदल्या रविवारी डाव मांडला. दुपारपर्यंत मामंजींचं घोडदळ मोघ्यांच्या तोफांपासून एका चालीवर होतं आणि चारा संपला होता. ती एक चाल मिळाली असती तर डाव खिशात होता. घोड्यांच्या पुढ्यातच गाव होतं. मोघे पान खायला ओसरीवर गेले, तशी मी न राहवून म्हणाले, "मामंजी, उचला ना एक छप्पर! मी संध्याकाळी नवं घालून देते."

त्यांनी हात गुडघ्यावरून हलवला नाही. "हा नियम मी का लिहिला माहीत आहे? खरा आहे म्हणून. बावीस वर्षांचा होतो. चाऱ्याच्या गाड्या मागे राहिल्या, आणि मी हुकूम दिला, छपरं उतरवा. बारा घरं होती, हीच. घोडे पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी मावठ्याचा पाऊस आला. एक बाई डोक्यावर सूप धरून लेकराला घेऊन बसली होती. मी सामनेसे घोड्यावरून गेलो. उतरलो नाही, सूनबाई."

मघाच्या माझ्या उत्साहाची फार लाज वाटली. इतकी वर्षं मी ज्याला म्हाताऱ्याचा खेळ समजत होते, ते त्यांचं देणं होतं आणि ते रोज एकेक काडी लावून फेडत होते.

मोघे आत आले. मामंजींनी चाल सोडली. पुढच्या फाशाला मोघ्यांच्या तोफांनी घोडदळ उडवलं आणि मोघे लहान मुलासारखे टाळ्या पिटत उठले. मामंजींनी स्वतः एकेक घर कापसात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं. "भोपाळला पाऊस जास्त असतो म्हणतात," ते मोघ्यांना म्हणाले, "खालून वर शाकारत जा. विसरू नका."

त्या फाल्गुनात मामंजी गेले. अखेरपर्यंत हुशारीत होते, सासूबाईंशी केरसुणीवरून भांडण आदल्या दिवशीही झालं. मोघ्यांना मी पत्र लिहिलं, आणि त्यात त्या दुपारची हकिकतही लिहिली. ती आपल्याजवळच ठेवावी असं मला वाटेना.

ज्येष्ठात पत्र्याची ट्रंक आली. आत कापसात घरं होती आणि सगळ्यांवर नवी छपरं, वळचणीपासून वर, एकही जुडी उलटी नाही. सोबत चिठ्ठी होती: "सूनबाई, तो डाव मी जिंकलोच नव्हतो. गाव परत पाठवतो आहे. एक घर मात्र ठेवून घेतलं. ग्वाल्हेरचा आहे, सगळीच्या सगळी हार मानणार नाही."

मी मोजली. अकरा होती. सासूबाई आत गेल्या आणि कोपऱ्यातली जुनी केरसुणी माझ्यापुढे आणून ठेवली. बारावं घर मी बांधलं. खालून वर शाकारलं आणि त्याचं छप्पर भिंतींना सुईदोऱ्यानं पक्कं शिवून टाकलं.