आत्याची उलटतपासणी

लोक दुधाने पोळल्यावर ताक फुंकून पितात. माझी आत्या पाणीसुद्धा फुंकून पिते. तिचंही चुकत नाही म्हणा. उभा जन्म बायकांचे कपडे शिवण्यात गेला आणि ‘कापड मारते’ म्हणून गिऱ्हाइकांच्या नजरा झेलण्यात. उरलेल्या चिंध्यासुद्धा ती शिवलेल्या कपड्याला टाचून परत देते. ज्याच्यावर जग संशय घेतं, तो जगाला सोडतो होय?

आता तिचा उजवा हात थरथरतो. कात्री खुणेची रेघ सोडून पळते. शिवण सुटली तर आत्या जगायची नाही, याची मला धास्ती होती. म्हणून दवाखान्यात कंपावरच्या नव्या औषधाची चाचणी सुरू आहे असं कळताच मी तिला ओढत घेऊन गेले.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. निम्म्या लोकांना औषध मिळणार, निम्म्यांना नुसती पिठाची गोळी. कुणाला काय, हे त्यांनाही कळणार नाही. औषधाचा त्रास होऊ शकतो. नको वाटलं तर केव्हाही सोडा.

“देणाऱ्यालाच माहीत नाही म्हणे!” बाहेर येताच आत्या फणकारली. मग तिने नर्सला एकटीला गाठलं, नंतर गोळ्या देणाऱ्याला. दोघांनीही तेच सांगितलं. दुसऱ्या कुणाचं समाधान झालं असतं.

“पढवलेत सगळे,” आत्या म्हणाली. “खरं बोलणारी माणसं कुठेतरी चुकतात.”

कपाळ माझं! तरी मी तिचा पिच्छा सोडला नाही. शेवटी एका दुपारी तिने मशीन थांबवलं आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

“तुला काय मिळतं गं यात? कमिशन?”

“काहीतरीच काय, आत्या!”

“मग एवढा पुळका कशाला? आणि हल्ली पाण्याचा पेला दोन्ही हातांनी का धरतेस? घे, सुईत दोरा ओव.”

मी ओवायला गेले. दोरा नेढ्याच्या कधी अलीकडे, कधी पलीकडे. ओठांत धरून ओला केला, तरी तेच. आत्याने सुई माझ्या हातातून काढून घेतली. तिचा चेहरा पार उतरला होता.

“माझ्या बाबांचं असंच सुरू झालं होतं,” ती म्हणाली. “घरी सांगितलंस कुणाला?”

मी मानेनेच ‘नाही’ म्हटलं आणि मला रडू फुटलं. इतके दिवस मी एकटीच घाबरत होते.

दुसऱ्या दिवशी आत्या स्वतःच दवाखान्यात निघाली.

“मला पिठाची मिळाली तर मिळू दे,” ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. “पण औषध लागू पडलं, तर हिच्या वेळेपर्यंत बाजारात येईल ना?”

“खात्री देता येणार नाही,” त्या म्हणाल्या.

आत्याने त्यांना बराच वेळ न्याहाळलं. मग वेडीवाकडी सही केली.

“माझा अजून तुमच्यावर विश्वास नाही,” ती म्हणाली. “गोळीत काही काळंबेरं असेल, तर ते आधी मला बाधू दे. पुढे हिला घ्यायची आहे.”