हिरव्या वाडग्याखालची पाटी

सुभद्रा किसन इंगळे या बाईवर अन्याय झाला तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. लिहिता येत असताना तिचा अंगठा घेतला.

आम्ही तिला जपूनमाय म्हणायचो. रिकामा पेलासुद्धा ती दोन्ही हातांनी उचलायची आणि दुसऱ्याला देताना म्हणायची, "जपून, बे!" पावसानं दडी मारली होती, म्हणून धामणगाव बढ्याजवळच्या कोरड्या बारवेतला गाळ काढायला आम्ही एकाच रांगेत होतो. तिच्या घमेल्यात चिखलाचा एक गोळा आला. दुसऱ्या कुणीही फेकला असता. तिनं तो मांडीवर घेऊन पदरानं पुसला. आतून वाडगं निघालं, कोवळ्या हरभऱ्यासारखं हिरवं.

"चीनमधलं आहे, शेकडो वर्षांपूर्वीचं," पुरातत्त्व खात्यातून पाहायला आलेले साहेब म्हणाले. अशा भांड्यात विष टाकलं की ते तडकतं, असं जुने लोक मानत, हेही त्यांनीच सांगितलं. जपूनमाय लगेच म्हणाली, "मंग मुकादमाचा चहा वतून पाहू काय?" सगळी बारव हसली.

"माय, इकून टाक, येडी हायेस काय?" रांगेतलं कुणी तरी कुजबुजलं. "जमिनीनं मले सांभाळाले देल्लं, इकाले नाही," म्हणत तिनं वाडगं साहेबांच्या हातात ठेवलं. "जपून, साहेब." मग पावतीवर सही करायला पेन मागितलं. साक्षरता वर्गात दोन पावसाळे घालवून ती स्वतःचं नाव लिहायला शिकली होती. साहेबांचा डबा थंड होत होता. "अंगठा लाव मावशी, लवकर." तिनं लावला.

आज वाडगं शहरातल्या संग्रहालयात काचेआड आहे. खाली पाटी आहे: 'शोध: अज्ञात मजूर.' अंगठ्याचं नाव कोण वाचणार?

मी चार अर्ज दिले, पत्रकं वाटली. उत्तर नाही. इकडे काचबिंदूनं तिचा एक डोळा गेला. दुसऱ्यानं जेमतेम मोठी अक्षरं दिसतात, आणि गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं. काल तिनं पाटीचं विचारल्यावर मी पुन्हा 'पाहू' म्हणालो, तर माझं मनगट दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "बाबू, दुसरं काई वाचता येत नाही मले. माह्यं नाव तेवढं येते. दिसते तवर दाखोशील ना?"

संग्रहालयाच्या दारात अभिप्रायाची वही असते. 'भांडी सुंदर आहेत' असं लिहून घरी येऊ नका. लिहा: हे वाडगं सुभद्रा किसन इंगळे यांनी शोधलं, पाटी बदला. याच आठवड्यात जा. पेन मागा. नाही दिलं, तर तिथून हलू नका.