बाथरूमच्या नळावर वाढलेल्या केळी

माझ्या सायकलच्या दुकानात एक डबा होता. कुठल्याच सायकलीचा नसलेला स्क्रू त्यात जायचा. दुकान बंद केलं तेव्हा डबा काठोकाठ भरलेला, आणि मी तर एकही स्क्रू जमवायला म्हणून टाकला नव्हता. आमच्या गल्लीतल्या गोष्टींचंही तसंच. कुणी जमवत नाही, नुसत्या साचतात. माझं शिक्षण आठवीपर्यंत, तेही तमिळमध्ये. लिहिण्यात चूक दिसली तर स्वतःपाशी ठेवा. मला मास्तर पुष्कळ मिळालेत.

या खेपेच्या सगळ्या गोष्टी एका नळाच्या. माझी थोरली बहीण, सगळ्या गल्लीची अक्का. तिच्या नातीचं, संगीताचं, लग्न ठरलं. आमच्या तंजावरात मांडवाच्या दाराशी लोंबत्या घडांसकट दोन अख्ख्या केळी बांधतात. अक्काच्या मुलीच्या लग्नात त्या बाजारातून आणल्या होत्या. दुपारपर्यंत दोघींनी माना टाकल्या आणि एक थेट वराच्या काकांवर आडवी झाली. त्यावरून होणारं बोलणं अक्का आजतागायत ऐकते आहे. म्हणून नातीच्या दारात परसातल्याच केळी लागायच्या, आणि ताठ लागायच्या. घड धरले होते, सगळं बरं चाललं होतं, आणि लग्नाला दोन महिने असताना परसातला बोअर आटला.

राहिला बाथरूमचा नळ. त्याची खिडकी परसात उघडते. एक पाईप लावला की झालं, असं मी म्हणालो. तिथंच चुकलो.

*

पाईपवाला म्हणाला, "तात्या, नळ बघितल्याशिवाय साइज कशी सांगू?"

मी घरी आलो, वरची चावी बंद केली, नळ काढला, पंच्यात गुंडाळला आणि दुकानात नेला. परत येतो तर अक्का डोक्याला तेल चोपडून, भिंतीतल्या भोकासमोर स्टुलावर बसलेली. शुक्रवार, तिच्या न्हाण्याचा दिवस.

"नळ कुठंय, गोपू?"

"दाखवायला नेला होता."

"दाखवायला मुलगी नेतात रे."

बरं, एवढं दाखवून पसंती पडली का? नाही. एक पाईप नळावर चढेना, दुसरा चढून लगेच उतरला. अंगणातल्या नळाला आटे असतात, पाईप फिरवला की बसतो. आणि घरातल्या नळाचं तोंड गुळगुळीत! ज्याने हा नळ बनवला त्याच्या घरी झाड नसणार. कुंडीतलंसुद्धा नाही. आधी इथे एकदा तरी विचारायचं ना, की बाबांनो, तुमच्याकडे केळी आहेत का?

*

मग शेजारचे सेतुराव मास्तर आले. शाळेत ड्रिल शिकवायचे; आता रिटायर झालेत, पण शर्टाची इस्त्री रिटायर झालेली नाही. त्यांनी लोखंडी क्लॅम्प आणला, पिळला, आणि मला म्हणाले, "बाजूला हो. हे शास्त्र आहे." नळ पूर्ण सोडला.

पाईप सुटला आणि शास्त्र मास्तरांच्या छातीवर आलं. बाहेर आले तेव्हा मिशांतून पाणी गळत होतं. अक्काने विचारलं, "काय झालं?"

मास्तर म्हणाले, "प्रेशर उत्तम आहे."

*

शेवटी मीच केलं. जुनी सायकलची ट्यूब कापली, तिची लांब पट्टी काढली आणि पंक्चरवाल्याच्या हाताने ती नळावर आणि पाईपवर ओढून ओढून गुंडाळली. वर तार. थेंब गळेना. खिडकीतून पाईप परसात गेला आणि केळी प्यायला लागल्या. आंघोळीला पाईपचं तोंड खिडकीतून आत ओढायचं आणि बादली भरायची. चाळीस वर्षं अख्ख्या गावाची हवा राखली मी, एक नळ राखायला काय? कौतुक कुणी केलं? संगीताने फोनवर फोटो काढला आणि मैत्रिणींना पाठवला. खाली हसणारी तोंडं. माझ्या कामाखाली!

*

अक्का तर त्याहून वरताण. तुळशीला ते पाणी नाही म्हणजे नाही. बाथरूमचं पाणी, विटाळाचं.

मी म्हणालो, "अगं, गच्चीवर टाकी एक. स्वयंपाकघरातही तेच पाणी येतं."

"टाकी एक असेल. वाट?"

"मग केळीला कसं चालतं? तिच्या पानावर देवाला नैवेद्य दाखवतेस ना?"

अक्काने परसातल्या केळींकडे बघितलं. मला वाटलं, जिंकलो. जन्मात पहिल्यांदा.

मग म्हणाली, "केळ समजून घेते."

आणि तांब्या घेऊन स्वयंपाकघराच्या नळाकडे गेली. सत्तरी उलटलेली बाई, दिवसातून दोनदा.

*

आता एक कबुली. एकदा मास्तर हौसेने केळींना पाणी घालत होते, तेव्हा मी हळूच पाईपवर पाय ठेवला. मास्तरांनी पाईपचं तोंड डोळ्याशी नेलं. मी पाय उचलला. एकदाच केलं. फार तर तीनदा.

पण त्याची शिक्षा बघा. त्यानंतर गल्लीत कुठेही पाणी गेलं की लोक माझ्या नावाने ओरडतात, "तात्या, पाय उचला!" महापालिकेने सगळ्या भागाचं पाणी बंद ठेवलं, तरी "तात्या, पाय उचला!" मला ताप होता, चादर ओढून पडलो होतो. मास्तर खोलीत आले. वाटलं, चौकशीला आले. त्यांनी चादर पायाकडून वर केली, खाली वाकून बघितलं, नीट झाकली आणि गेले. कसं वाटतंय, एवढंही विचारलं नाही.

*

साखरपुड्याला वराचे वडील आले. ओरत्तनाडूकडचे, पाटबंधाऱ्यात इंजिनियर होते. हात धुवायला बाथरूममध्ये गेले आणि माझी गाठ बघून परत आले. भर बैठकीत म्हणाले, "हे कुणी बांधलंय? लहान मुलाने ओढलं तरी निघेल."

मी तोंड उघडलं. अक्काने माझ्या मांडीला चिमटा काढला. ते गेल्यावर तिने मला तुळशीवर हात ठेवायला लावला: लग्न लागेपर्यंत व्याह्यांची एकही थट्टा करायची नाही. मी शपथ घेतली. पण मी म्हणतो, लहान मुलाने?

*

लग्नाची सकाळ. लग्नाचं कार्यालय आमच्याच रस्त्यावर. दोन्ही केळी ताठ, घड माझ्या हाताएवढे. ऐनवेळी कापायच्या म्हणजे कोमेजणार नाहीत, म्हणून पाईप तसाच ठेवला होता. कापायला दोन माणसं कोयते घेऊन परसात उभी होती.

तेवढ्यात व्याही आले. खांद्यावर टॉवेल. कार्यालयातल्या न्हाणीघरांसमोर रांग लागली होती, म्हणून आंघोळीला आमच्याकडे. अक्काने "या, या" म्हणत बाथरूम दाखवलं. आमच्या बाथरूमला नळ एकच आणि त्याचा पाईप परसात, हे तिच्या ध्यानात राहिलं नाही. माझ्या राहिलं होतं. पण शपथ होती.

दार लागलं. आतून नळ सोडल्याचा आवाज आला. परसात केळींच्या बुडाशी पाणी सुरू झालं.

थोड्या वेळाने आतून कण्हण्याचा आवाज आला, जड टायर चढवताना येतो तसा. मग गप्प. मग पुन्हा. कोयतेवाल्यांनी धोतरं वर खोचली. पाणी त्यांच्या घोट्याला लागलं, तेव्हा एकजण माझ्याकडे बघायला लागला. मी दोन्ही पाय उचलून दाखवले.

अर्ध्या तासाने व्याही बाहेर आले. कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे. खांद्यावर टॉवेल, घडी तीच. हाताची दहाही बोटं सायकलच्या ट्यूबसारखी काळी.

अक्काने विचारलं, "पाणी मिळालं ना नीट?"

"उत्तम," व्याही म्हणाले. "फार गार पाणी आहे हो तुमचं."