गुलाबी रंगाखालचं मनगट

तिसगाव मागे पडलं, तशी हिरवी शेतं विरळ होत गेली. जीपमध्ये मी आणि जुनी भित्तिचित्रं दुरुस्त करणारी माझी सहकारी मानसी. आमचा पुण्यातला छोटा न्यास लोकांच्या देणग्यांतून जुन्या देवळांची कामं करतो. या वेळी भैरवनाथाच्या मंडपातली चित्रं वाचवायची होती. मागच्या वर्षीच्या फोटोंत हत्ती होते, पालखी होती आणि कमरेवर घागर घेऊन मागे वळून पाहणारी एक बाई.

गावात निम्म्या घरांना कुलपं. माणसं ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर साखर कारखान्यांवर गेलेली. देवळाची किल्ली गयाबाईंकडे असते. त्यांनी आधी ओट्यावर बसवून बाजरीची भाकरी नि शेंगदाण्याची चटणी खाऊ घातली, मगच दार उघडलं.

आत चारही भिंती गुलाबी ऑइलपेंटने झगझगत होत्या. मानसीने मागच्या वर्षीचा फोटो भिंतीशी धरला; चित्राची एक रेघही दिसत नव्हती.

"लई काळवंडल्या हुत्या भिंती," गयाबाई कौतुकाने म्हणाल्या. "दिवाळीला रंग दिला. आमच्या संतोषच्या नावानं."

समोर लाल अक्षरांत लिहिलं होतं: कै. संतोष याच्या स्मरणार्थ, आईकडून. तोडणीला गेलेला त्यांचा एकुलता मुलगा उसाच्या ट्रॅक्टरखाली सापडला होता.

मानसीने भिंती वाजवून पाहिल्या. गिलावा सगळीकडे पोकळ, रंग काढताना गळून पडेल असा. फक्त त्या नावाखाली आणि शेजारी घट्ट होता. चित्र वाचलंच तर तिथे. आम्ही हळू बोलत होतो, तरी गयाबाईंना उमगलं.

"चुकलं का माझं, ताई?"

"नाही मावशी," मानसी म्हणाली. "तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

त्या नावासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मग पदराने अक्षरांवरची धूळ पुसली.

"काढा. पर माझ्या म्होरं नका काढू."

आणि बाहेर पारावर जाऊन बसल्या.

मानसीने नावाच्या कडेपासून सुरुवात केली. द्रावणात भिजवलेल्या कापसाने गुलाबी थर उचलला. खाली घागरीचा काठ दिसला, मग बांगड्या भरलेलं एक मनगट. पुन्हा फिरवताच कापूस चित्रातल्या गेरूने लाल झाला. रंगाबरोबर चित्रच निघून येत होतं. मानसीने हात मागे घेतला. संतोषचं नाव तसंच राहिलं.

गयाबाई आत आल्या. नाव पाहून त्यांनी सुस्कारा सोडला, मग त्यांना ते मनगट दिसलं.

"हिला मी रोज बघायचे. लगीन हुऊन आले तवापासून," त्या म्हणाल्या. "म्याच रंगाऱ्याला म्हनलं, सगळं झाकून टाक, नवं दिसू दे."

त्या रडू लागल्या. मुलासाठी की त्या बाईसाठी, मला कळलं नाही.

परतताना समोरून उसाने लादलेले ट्रॅक्टर येत होते. त्यांना वाट देत आम्ही थांबत थांबत निघालो. न्यासाने पुढे देवळाचं गळकं छप्पर दुरुस्त करून दिलं. चित्रं मात्र गेली. त्या भिंतीला आमच्याआधी एका आईने आपल्याजवळचं होतं नव्हतं ते दिलं होतं. आम्ही दिवाळीआधी पोचलो असतो, तर तिचं देणं छपराला लागलं असतं आणि चित्रंही राहिली असती, हा सल काही जात नाही.